सुकेळीच्या उन्हातली युनिटं

कार्तिक लागला की आमच्या वसईच्या हवेतला दमटपणा एकदम पाय काढता घेतो. ऊन तेच असतं, पण ते अंगाला चिकटत नाही, नुसतं टेकतं. परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या इमारतीमागे उरलेल्या वाडीतून वास आला. सोललेली राजेळी केळी दोन-तीन दिवस उन्हात पडून मऊ झाली, त्यांना मध सुटू लागला, की जो वास येतो तो. कोणीतरी अजून सुकेळी करतंय. हातातली ओली चादर तशीच धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फंडाचं मासिक पत्रक आलं होतं. आता ते ईमेलनं येतं, आणि फुकटच येतं. मी गच्चीवरच चष्मा लावून उभ्यानं वाचायला घेतलं. मुलगा नेहमी म्हणतो, "आई, हे कोणी वाचत नाही गं." मी वाचते. शेवटच्या पानापर्यंत, बारीक अक्षरांसकट. आणि वाचताना माझ्या नाकाला केळ्यांचा वास येतो, मग बाहेर वैशाख का असेना. परवा पहिल्यांदाच वास खरा होता आणि पत्रकही खरं होतं, दोन्ही एका वेळी. मग मला त्या एका कार्तिकातून बाहेर पडणं जमेना.

ऐंशीचं दशक अर्धं उलटून गेलेलं. मी विरारच्या चाळीतली, कॉमर्स शिकलेली मुलगी, लग्न होऊन निर्मळजवळच्या राऊतांच्या वाडीत आले होते. माहेरी दोन खोल्या आणि समोर दुसरी चाळ. इथे दाराबाहेर केळीच केळी, पानवेली, विहीर, आणि त्यापलीकडे मार्तामावशीची वाडी. मार्तामावशी आमची शेजारीण. तिच्या दारात क्रूस, आमच्या दारात तुळस, आणि दोन्ही वाड्यांच्या मध्ये कुंपण असं नव्हतंच. एक पाटाचं पाणी होतं, ते दोघींचं.

सासरे मी येण्याआधीच गेले होते. वाडीचा कारभार त्यांचे धाकटे भाऊ, बाळकाका, बघत. केळीचा पैसा, पानांचा पैसा, फुलांचा पैसा सगळा त्यांच्या हातात. पण सुकेळीचा पैसा बायकांचा. हा रिवाज कोणी घालून दिला ते माहीत नाही. सासूबाई म्हणायच्या, "केळं सोलायचं आम्ही, उन्हात उभं राहायचं आम्ही, माश्या हाकायच्या आम्ही. मग पैसा कोणाचा?" वाडीत त्यांचं एवढं एकच राज्य होतं, आणि त्यावर त्या राणीसारख्या बसत.

राजेळीचे घड पिकवून, एकेक केळं सोलून बांबूच्या उंच मांडवावर पसरायचं. दिवसातून कितीदा तरी उलटायचं. ऊन कललं की दव पडायच्या आत सगळं उचलून झाकायचं, सकाळी परत पसरायचं. पांढरं केळं आधी पिवळसर होतं, मग मधासारखं, मग तपकिरी. बोटं दिवसभर चिकट. त्या चिकट बोटांनी पानं उलटता येत नसत म्हणून मी सोलायला बसत नसे. माझं काम वाचायचं.

काय वाचायचं, त्याची गोष्ट अशी. कॉलेजात असताना मी मुंबईच्या एका पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं होतं. तिथून गुंतवणूक करणाऱ्यांसाठी माहितीचं पत्रक दर महिन्याला फुकट यायचं. पातळ कागद, इंग्रजी मजकूर, शाई बोटाला लागायची. लग्न झाल्यावर मी आधी रेशनकार्डावरचं नाव बदललं नाही. आधी त्या पत्रकाचा पत्ता बदलला. गावच्या वाचनालयात बाजारभावाचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं, तेही मी चाळायची. पोस्टाजवळच्या एजंटाकडून योजनांची माहितीपत्रकं आणायची. यातल्या कशालाच दमडी पडत नव्हती. सासूबाईंना पहिल्यांदा याचंच नवल वाटलं.

"फुकट देतात? मग त्यांचं काय सुटतं?"

"लोकांना कळलं तर लोक पैसे गुंतवतील, म्हणून."

"मग नीट वाच. फुकट देणारा काय सांगत नाही, तेही वाच."

माझ्या सगळ्या कॉमर्समध्ये मला इतकं कामाचं कोणी काही शिकवलं नव्हतं.

तर मी मांडवाखाली बसून वाचायची आणि जमेल तसं मराठीत सांगायची. युनिट म्हणजे काय? पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, जाणत्या माणसांनी ते पुष्कळ ठिकाणी गुंतवायचे, आणि नफ्यातला वाटा ज्याच्या त्याच्या युनिटांप्रमाणे द्यायचा. मार्तामावशी वरून माश्या हाकत म्हणाली, "म्हंजे एका वाडीत सगल्यांचा वाटा."

"तसंच."

"आनि माळी दुसराच?"

"हो. माळी पगारी."

"माळ्याचा पगार किती, ते वाच मना."

पत्रकात तेही होतं. वाचलं.

पहिल्या वर्षी निर्मळच्या जत्रेत सुकेळी विकून झाल्यावर सासूबाई आणि मार्तामावशी, दोघींनी मिळून धाडस केलं. मार्तामावशीची मुलगी फिलोमिना, आमची फिलू, पुढच्या वर्षी नर्सिंगला जाणार होती. पत्रकात पुन्हा पुन्हा एक गोष्ट लिहिलेली असे: जे पैसे लवकर लागणार आहेत ते भाव चढणाऱ्या-उतरणाऱ्या ठिकाणी ठेवू नका. म्हणून फिलूच्या फीचे पैसे पोस्टात ठेवले. काही पैशांची साधी, भाव फारसा न हलणारी युनिटं घेतली. आणि राहिलेल्यांतून शेअरांत गुंतवणारी एक नवी योजना निघाली होती, तिची घेतली. अर्ज भरायचा, सही करायची, बँकेत जायचं, ही सगळी पुरुषांची कामं, म्हणून सासूबाईंचं सगळं माझ्या नवऱ्याच्या, विजयच्या, नावावर झालं आणि मार्तामावशीचं तिच्या मुलाच्या. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आणि मग पुढचा कार्तिक आला. मी सांगतेय तो हा.

शेअरबाजार पडला होता. नव्या योजनेचा भाव आम्ही दिलेल्या किमतीखाली गेला. वाचनालयात मी ते वर्तमानपत्र घडी घालून ठेवायची आणि परत उघडून बघायची, जणू घडी घालताना आकडा सुधारणार होता. मांडवावर केळी पसरली होती, ऊन लखलखीत होतं, आणि मला सासूबाईंच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. मार्तामावशीला रविवारी चर्चबाहेर कोणीतरी सांगितलं की शेअरवाले सगळे बुडाले. ती तडक पाट ओलांडून आली.

"शरू, माजे पैशे गेले?"

"गेले नाहीत, मावशी. कमी झालेत. फिलूचे पोस्टात आहेत, त्यांना काही झालेलं नाही."

"ते मना ठाऊक. पन बाकीचे माज्या घामाचे ना?"

पत्रकात 'धीर धरा' असं छापलेलं होतं. पण छापलेला धीर आणि मांडवाखाली दुपारी उभ्या राहिलेल्या बाईला द्यायचा धीर यांत फार अंतर असतं. धरायचा की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी आकडे वाचत होते. झाड बघितलं नव्हतं.

संध्याकाळी बाळकाका पडवीत येऊन बसले. वाईट माणूस नव्हते ते. भावाच्या माघारी त्यांनी या घराला काही कमी पडू दिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी त्यांचा आवाज ताठ होता.

"वहिनी, जत्रेच्या आत ते कागद विकून टाका. मिळतील तेवढे घ्या. आणि यापुढे सुकेळीचे पैसे माझ्याकडे द्या. मी बघतो काय करायचं ते. उद्या पैसे बुडाले तर लोक मला विचारतील."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. भावाचा चढउतार मला कळत होता. पण माझ्या वाचनापायी या बाईचं राज्य जाणार होतं, ते कसं सोसणार?

त्याच आठवड्यात नवं पत्रक आलं. मागच्या पानावर एक चौकट होती: त्या नव्या योजनेच्या युनिटधारकांसाठी मुंबईत माहितीची सभा, योजनेचे अधिकारी प्रश्नांना उत्तरं देतील, प्रवेश विनामूल्य. मी ते वाचून दाखवलं. सासूबाईंनी विचारलं, "आपल्याला आत सोडतील?"

"युनिटं आपली आहेत. का नाही सोडणार?"

"मग मांडवावर विजयला बसव. सभा रविवारी आहे, त्याला सुट्टी असते. आपण तिघी जाऊ."

माझा नवरा त्या दिवशी सकाळपासून माश्या हाकत बसला, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. त्याने एका शब्दानंही कुरकुर केली नाही.

दक्षिण मुंबईतलं ते सभागृह. गुळगुळीत फरशी, लाल खुर्च्या, दारात टेबल. सासूबाईंनी जत्रेसाठी ठेवलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं, मार्तामावशीनं चर्चचं. टेबलामागच्या तरुणानं नम्रपणे विचारलं, "युनिटधारक कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "मी."

त्यानं माझ्या हातातला कागद पाहिला. "यावर विजय राऊत आहे."

"तो माझा मुलगा."

"मग त्यांच्यातर्फे तुम्ही. बसा, बसा आत," तो म्हणाला. अगदी आदरानं म्हणाला. पण 'त्यांच्यातर्फे' हा शब्द सासूबाईंच्या चेहऱ्यावर खड्यासारखा लागलेला मी पाहिला.

भाषण इंग्रजीत झालं. पडद्यावर रेघा वर गेल्या, खाली आल्या. मी कानात कुजबुजत मराठी करत होते. मग प्रश्न सुरू झाले. कोणी कराबद्दल विचारलं, कोणी पुढच्या वर्षाच्या भावाबद्दल. सासूबाईंनी हात वर केला.

मी घाबरून म्हटलं, "आई, मी विचारू का? तुम्ही मला सांगा."

"तुला कीड ओळखता येते का?" त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

घरातली त्यांची बोली वेगळी. त्या बोलीतच त्या बोलल्या. मी ते इथे सगळ्यांच्या मराठीत लिहिते.

"आम्ही वसईचे वाडीवाले. केळ्याचा भाव पडला म्हणून आम्ही केळ उपटत नाही. पण केळीला कीड लागली, तर भाव कितीही असो, उपटतो. तुमच्या वाडीत भाव पडलाय की कीड लागलीय, तेवढं मला सांगा."

व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी हातातला कागद खाली ठेवला. ते मराठी बोलू लागले, जरा अडखळत, पण मनापासून.

"बाई, भाव पडलाय. ज्या कंपन्यांत पैसे आहेत त्यांचे कारखाने चालू आहेत, त्या नफाही वाटतायत. एकदोन झाडांना कीड दिसली, ती आम्ही काढली. ती कोणती, ते आज दारात वाटलेल्या अहवालात छापलंय. भाव परत कधी चढेल, ते मात्र मी सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि एक ऐका, थोड्या दिवसांत लागणारे पैसे यात असतील, तर ते आज काढा."

"ते पोस्टात आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मोकळं, कौतुकाचं. मग टाळ्या. पाहता पाहता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. व्यासपीठावरचे ते गृहस्थही वाजवत होते. मार्तामावशी इकडेतिकडे बघत सगळ्यांना सांगत होती, "आमच्या वयनी हायत." आणि मी? किती महिने मी त्या बाईला समजावून सांगत होते, असं मला वाटत होतं.

परतीच्या प्रवासात मी तो अहवाल उघडून त्यांनी काढून टाकलेल्या कंपन्या शोधल्या. खरंच छापल्या होत्या. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खाडीवरचा पूल आला, पाणी चमकलं, मिठागरं मागे गेली. नायगाव गेल्यावर एकदम म्हणाल्या, "त्याच्यातर्फे मी. माझ्या केळ्यांच्या पैशाला त्याच्यातर्फे मी."

पडवीत बाळकाका वाटच बघत होते. "काय ठरलं? विकणार ना?"

"नाही," सासूबाईंनी पायावर पाणी घेत सांगितलं. "आणि जत्रेचे पैसे आले की आणखी घेणार."

"आणखी? पडलेल्या भावात?"

"राजेळीचे घड स्वस्त झाले की तुम्ही जास्त उचलता ना, भावजी? कीड नसली तर?"

काका हळू आवाजात, काळजीनं म्हणाले, "आणि बुडाले तर, वहिनी?"

"बुडाले तर माझ्या नावावर बुडतील. या वेळी कागद माझ्या नावावर करणार आहे. तुम्हाला कोणी विचारणार नाही."

त्यानंतर सुकेळीच्या पैशाबद्दल त्या घरात कधी कोणी प्रश्न काढला नाही.

त्या वर्षीची निर्मळची जत्रा मला अजून रंगांनी आठवते. तलावाकाठची गर्दी, पितळेची भांडी, मातीची खेळणी, तेलात फुगणारी भजी. आणि रांगेत बसलेल्या सुकेळीवाल्या बायका, समोर सुक्या पानांत बांधलेली तपकिरी, मऊ, चमकणारी सुकेळी. सासूबाई त्या दिवशी भावात एक पैसाही उतरल्या नाहीत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणत, "चाखून बघा, मग बोला." चाखल्यावर कोणी बोलत नसे. मार्तामावशीची टोपली तर दुपारीच रिकामी झाली आणि ती आमची विकायला लागली. बायका येत, बसत, विचारत, "मुंबईला काय झालं गो?" आणि मावशी ते टाळ्यांसकट करून दाखवी. दर वेळी टाळ्या थोड्या वाढत.

आठवड्याभरात आम्ही तिघी अर्ज घेऊन ओटीवर बसलो. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पाटीवर सही गिरवून पाहिली, पुसली, परत गिरवली, आणि मग कागदावर एका दमात केली. मार्तामावशीनं सही करण्याआधी क्रूसाची खूण केली. जत्रेत ऐकलेल्या आणखी काही जणी हळूहळू येऊ लागल्या. मग मी पत्रकाचं मराठी करून मोठ्या कागदावर लिहायला लागले, आणि तो कागद फुलांच्या टोपल्या जिथे जमा होत त्या शेडच्या खांबाला दर महिन्याला लटकू लागला. वर सासूबाईंनी सांगितलेली ओळ मी कायम लिहीत असे: आधी ठरवा, पैसे कधी लागणार.

भाव वर आला. लगेच नाही, घाई त्याला नव्हती आणि आम्हालाही नव्हती. आला तेव्हा आधीच्यापेक्षा वर गेला, आणि पडलेल्या भावात घेतलेल्या युनिटांनी तर जादाच कमावलं. त्याआधीच फिलू पोस्टातल्या पैशांवर नर्सिंगला गेली होती. पांढऱ्या गणवेशात ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मार्तामावशीनं तिला आधी चर्चमध्ये नेलं आणि नंतर त्या शेडमध्ये, खांबासमोर.

आज इथे वाड्या थोड्या आणि इमारती फार. माझ्या खिशातल्या फोनवर सगळा हिशेब एका बोटानं दिसतो, आणि माहिती तर इतकी फुकट की दिवसभर वाचली तरी संपायची नाही. तरुण मुली विचारतात, "काकू, कुठला फंड घेऊ?" मी सांगते, फंड नंतर, आधी वाचायची सवय लावून घे. त्या हसतात. हसू देत. मला मात्र त्या मांडवाखालचं चाळणीतून आल्यासारखं ऊन दिसत असतं, वर चिकट हातांच्या दोन बायका, आणि खाली मी, आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडणारी. त्या उन्हात आम्ही श्रीमंत वगैरे झालो नाही. पण भिणं थांबलं, ते कायमचं.

त्या सह्यांनंतरच्या श्रावणातली एक सकाळ. रात्रभर पडून पाऊस उघडलेला, वाडीतून वाफा निघत होत्या. सासूबाई केळीच्या बुंध्याशी माती चढवत होत्या, मी विहिरीवर होते. फाटकाशी पोस्टमनची सायकल थांबली. त्यानं फंडाचा छाप असलेलं पाकीट वर धरून हाक दिली, "श्रीमती यमुना गजानन राऊत!"

बाळकाका फाटकातच उभे होते. म्हणाले, "यमुना? यमुना कोणी नाही इथे. पुढच्या वाडीत बघ." आणि मग त्यांचे त्यांनाच आठवून ते वळले. इतक्या वर्षांत त्या घरात ते नाव कोणी उच्चारलंच नव्हतं. त्या वहिनी होत्या, आई होत्या, काकू होत्या.

"अरे थांब, थांब," काका ओरडले. "आहे! वहिनी, तुमचं आलंय! तुमच्या नावानं आलंय!"

सासूबाई केळींच्या मधून आल्या. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर घाम. पोस्टमननं पाकीट पुढे केलं, पण त्यांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात मागे धरून, मान उंच करून त्या म्हणाल्या, "कोणाचं आहे? परत वाच."

पोस्टमन हसला. त्यानं पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि या वेळी पाटापलीकडे मार्तामावशीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.